ज्याचं वाद्य, त्यानं वाजवून दाखवायचं

१४ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं लागली आणि आमच्या बँडचे मालक कमलाकांतशेठ यांच्या फोनला उसंत राहिली नाही. आज मला दुकानावर बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट ऐकायचं आहे. आमचा सॅक्स वाजवणारा गडी वापीच्या बँडपार्टीत गेला म्हणे. "ललित, तुझं क्लॅरिनेट डीजेच्या जमान्यात कोनाला ऐकू येतं? हळदीला पोरांना सॅक्स लागतो. सॅक्स घेऊन ये, नायतर मी वसईचा पोरगा बसवतो."

मी 'बघतो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बाबांनी होडी विकली तेव्हापासून घिवलीचं आमचं घर माझ्या फुंकीवर आणि हेमांगीच्या मासळीच्या टोपलीवर चाललं आहे. लग्नाचा हंगाम हातचा गेला की पुढच्या तुळशीपर्यंत तोंड वासून बसायचं. नवा सॅक्स दुकानातून घ्यायची माझी ऐपत नाही, हे शेठनाही ठाऊक आहे.

१५ नोव्हेंबर
हेमांगी सकाळी वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिला सगळं सांगितलं. ती वळून न बघता म्हणाली, "माझी पेटी द्या कोनाला तरी बदल्यात."

पेटी तिच्या माहेरची. तिचे वडील भजनाला वाजवायचे, आणि लग्नात सगळ्यांनी भांडी दिली तेव्हा त्यांनी पेटी दिली. ती आता फारशी वाजवत नाही, पण पावसाळ्यात तिला गोधडीत गुंडाळून ठेवते. मी दोनदा 'नको' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

१८ नोव्हेंबर
माझा मेहुणा सुजीत बोईसरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो. त्यानंच पेटीचे फोटो काढून जुन्या वस्तूंच्या साइटवर टाकले. 'पेटी देणे आहे, बदल्यात सॅक्सोफोन पाहिजे.' आधी टवाळखोरांची रांग लागली. एक जण म्हणे, बकरी चालेल का? एकानं विचारलं, नवराच का देत नाही?

आणि आज एक खरा निरोप आला. बोईसरचाच माणूस, शिवपूजन नावाचा. उत्तरेकडचा, एमआयडीसीत कामाला. त्याच्याकडे सॅक्स आहे, त्याला पेटीच हवी आहे. वर काही मागत नाही. फोटो पाहिला तर सॅक्स नवरीसारखा जपलेला, एका चावीवर डाग नाही. असा सॅक्स जुन्या पेटीच्या बदल्यात कोण देईल?

सुजीत म्हणाला, "भावोजी, एवढं मोठं आमिष दिसलं की समजायचं, आत गळ हाय." त्याच्या दुकानात रोज कोणी ना कोणी फसलेला येतो, त्यामुळे त्याचं ऐकावं लागतं. चोरीचा माल असला तर पोलीस माझ्या दारात येतील. आमच्या घरात आजवर पोलीस आलेला नाही.

१९ नोव्हेंबर
शिवपूजनशी फोनवर बोललो. आवाज घोगरा. चार शब्द बोलतो आणि थांबतो, जणू पुढचं काय सांगायचं ते जुळवतो आहे. सुजीत म्हणतो की खोटं बोलणारे असेच थांबून बोलतात.

सॅक्स का देता, असं विचारलं. "अब उसमें मन नहीं लगता," एवढंच म्हणाला. मग पेटीबद्दल किती चौकशी! भाता हलका आहे ना, एका हाताने सहज हलतो ना, फार जोर तर लावावा लागत नाही ना. पेटी घेणारा सूर विचारतो, हा भाताच विचारत बसला. मला तर याला वाद्यातलं काही कळत असेल याचीच शंका आली.

माझ्या खोलीवर या, चहा घेऊ, मला लांब यायला जमत नाही, असंही म्हणाला. हे सुजीतला सांगताच त्यानं कपाळाला हात लावला. अनोळखी माणसाच्या खोलीवर जायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. उजेडात भेटायचं, माणसांत भेटायचं, आपल्या बाजूनं जास्त माणसं न्यायची, आधार कार्डाचा फोटो घ्यायचा, वाद्यावरचा नंबर टिपायचा आणि आधी काहीही हातात द्यायचं नाही. जागाही त्यानंच ठरवली. पालघरजवळ कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्या आहेत, तिथे कॅमेरे आहेत, पोलीस आहेत. चोर असेल तर तिकडे फिरकणारच नाही.

मी तसं कळवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, 'ठीक है, आ जाएँगे.'

२२ नोव्हेंबर
बाबांनी आज आपली भर घातली. त्यांना फोनचं काही कळत नाही, पण सौद्याचं कळतं असं त्यांचं म्हणणं. होडीचं जुनं इंजिन घेताना ते कधी स्वतः हँडल मारत नसत. विकणाऱ्यालाच चालू करायला लावत. ज्याचं इंजिन असतं त्याला त्याची खोड माहीत असते, ते त्याच्या हातात पहिल्या झटक्याला सुरू होतं. चोराला ते जमत नाही, आणि इंजिन मेलेलं असेल तर तेही कळतं. आमच्या बंदरावर सगळे हेच करत. यात कोणाला राग यायचा नाही. जो रागावला, तो खोटा.

"वाद्याचंही तेच," बाबा म्हणाले. "ज्याचं वाद्य, त्यानं वाजवून दाखवायचं. मगच नारळ फोडायचा."

मला हे एकदम पटलं. सुजीतच्या सगळ्या नियमांपेक्षा हा एक नियम मला जास्त भरवशाचा वाटला, कारण तो आमच्या घरचा आहे.

२४ नोव्हेंबर
झालं एकदाचं. सविस्तर लिहितो.

आम्ही दुपारी कोळगावला पोचलो. मी, हेमांगी, बाबा, सुजीत, आणि मोटारसायकलवर लांब बसून नजर ठेवायला सुजीतचे दोन दोस्त. पेटी हेमांगीच्या मांडीवर. ती सोबत आली, कारण पेटी कोणाच्या हातात जाते हे तिला बघायचं होतं.

शिवपूजन उशिरा आला. रिक्षा त्याला रस्त्यावरच सोडून गेली होती, तिथून तो चालत येत होता. चाळिशीचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट. थोडं चालायचा, बॅग खाली ठेवायचा, कठड्याला धरून इकडेतिकडे बघायचा, पुन्हा चालायचा. सुजीत माझ्या कानात म्हणाला, "पळायच्या वाटा बघून ठेवतोय." मलाही तसंच वाटलं. हेमांगी मात्र उठली आणि तिनं त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली. मला तिचा राग आला. समोरच्याला आधीच असा मऊपणा दाखवला की सौदा बिघडतो.

त्यानं पेटी बघितली. मांडी घालून बसला, भाता हळूच ओढला, एक सूर धरला आणि डोळे मिटले. हेमांगी त्याला पेटीच्या खोडी सांगायला लागली, की ही पट्टी पावसात अडकते, भात्याला ओल लागू देऊ नका. तो 'जी दीदी, जी दीदी' करत होता. तोवर सुजीतनं त्याच्या आधारचा फोटो घेतला, सॅक्सवरचा नंबर टिपला. त्यालाही त्यानं हरकत घेतली नाही.

मग बाबा म्हणाले, "आता वाजव म्हनावं."

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "हमसे मत बजवाइए. आप बजा के देख लीजिए."

मी म्हटलं, तुमचा आहे ना, तुम्हीच वाजवा. तो पुन्हा नाही म्हणाला. घसा बरोबर नाही म्हणाला. मग म्हणाला, बऱ्याच दिवसांत वाजवलेलं नाही. आधी एक कारण, मग दुसरं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. सुजीतनं दोस्तांना हात केला, ते मोटारसायकल घेऊन जवळ आले आणि दोन्ही बाजूंना उभे राहिले. सुजीत त्याला म्हणाला की पोलीस समोरच आहेत, हवं तर त्यांच्यापुढे वाजव.

हेमांगी म्हणाली, "सोडा त्याला. बरा नाय तो." मी तिला गप्प बस म्हटलं. चारचौघांत असं बोललो नव्हतो कधी.

त्यानं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग बॅग उघडली, वेताची पातळ रीड तोंडात धरून ओली केली, पट्टा गळ्यात घातला. आणि वाजवलं.

मी क्लॅरिनेट लग्नाआधीपासून फुंकतो आहे. असा सूर माझ्या हातून निघालेला नाही आणि निघणारही नाही. नवरी घरातून निघताना वाजवतात तशी काहीतरी संथ चाल होती. कागदपत्रं घेऊन चाललेली माणसं थांबली. एक शिपाई चहाची किटली घेऊन तसाच उभा राहिला. मला त्याचा हेवा वाटला आणि लाजही वाटली, की याला आपण चोर समजलो.

चाल मध्येच तुटली. तो वाकला आणि खोकायला लागला, चांगला वेळ खोकत राहिला. रुमाल तोंडाला धरला होता तो लाल झाला. गुटखा. ही माणसं वाजवतानाही गालात धरतात. पण याचं वाद्य याचंच आहे, एवढं सिद्ध झालं. बाबा खूश. "पयल्या झटक्याला चालू झालं," म्हणाले आणि तिथेच दुभाजकाच्या कडेवर नारळ फोडला. खोबरं शिवपूजनलाही दिलं. त्यानं ते हातात धरून ठेवलं.

येताना एसटीत हेमांगी रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसली होती. बोईसर आलं तेव्हा म्हणाली, "त्याचे दात पांढरे हायत." मी विचारलं, मग काय? तर खिडकीबाहेर बघत राहिली. पेटी गेल्याचं दुःख आहे, दुसरं काय?

२८ नोव्हेंबर
काल मनोरला हळद होती. सॅक्स घेऊन पहिल्यांदा उभा राहिलो. पहिल्या गाण्याला बोटं चाचपडली, पण क्लॅरिनेटवाल्याला सॅक्स परका नसतो. तिसऱ्या गाण्याला नवऱ्याच्या मामानं मला खांद्यावर घेतलं. कमलाकांतशेठ म्हणाले, वसईच्या पोराला नको सांगतो. घरी येऊन बाबांच्या पाया पडलो. खूप दिवसांनी पोटभर झोपलो.

२ डिसेंबर
शिवपूजनच्या नंबरवरून फोन येत आहेत. काल दोन आले, आज सकाळपासून तर धोशाच. मी उचललेला नाही. सुजीत म्हणतो, हीच खरी वेळ सांभाळायची. वस्तू गेली की माणसाला पश्चात्ताप होतो, मग वर काहीतरी मागतात, रडतात, धमकी देतात. सौदा झाला, नारळ फुटला, आता कोणी कोणाचं नाही.

पण मला एकदा वाटलं, उचलावा. असा वाजवणारा माणूस. त्याला त्या चालीबद्दल विचारता आलं असतं.

४ डिसेंबर
नंबर ब्लॉक केला. हेमांगीनं बघितलं. ती बोईसरच्या बाजारात मासळी विकते, तिथे कामगारांच्या चाळींतली माणसं रोज येतात. म्हणाली, "कंपनीतले असे खोकनारे मी लय बघते. गुटखा नाय तो." मी म्हटलं, मग तू काय डॉक्टर झालीस का? ती उठून गेली. संध्याकाळी बोईसरच्या बाजूनं वारा आला की हल्ली इथवर कारखान्यांचा वास येतो. दार लावून घेतलं.

१८ डिसेंबर
आज लिहायला बसवत नाही, तरी लिहितो.

बोईसरला दुपारची वरात होती, एमआयडीसीला लागून असलेल्या गावात. आम्ही वाजवत चाललो होतो. कारखान्यातून सुटलेली माणसं कडेला उभी राहून बघत होती. त्यातला एक जण माझ्या बाजूनं चालायला लागला. गाणं थांबलं तसा म्हणाला, "ये तो शिवपूजन भैया का बाजा है. आप घिवली वाले हैं? भाभी कब से आपको फोन कर रही हैं."

मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, भैया गेले. दहा-बारा दिवस झाले.

वरात मंडपाशी पोचेपर्यंत मी कसं वाजवलं मला माहीत नाही. मग शेठना सांगून त्या माणसाबरोबर निघालो. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. कंपनीत वायू सुटला होता, शिवपूजन आत होता. छाती गेली. डॉक्टरांनी फुंकायची सक्त मनाई केली होती, जिना चढायचा नाही, चालायचं नाही, आणि वाद्याला तर हातही लावायचा नाही. पण सूर सुटेना. म्हणून पेटी. पेटीला छाती लागत नाही.

मी म्हटलं, मग त्यानं हे मला का सांगितलं नाही? तो माणूस म्हणाला, "बीमार आदमी का मुँह लगा बाजा कौन लेता?"

माझा हात आपोआप तोंडाकडे गेला. विचारलं, टीबी होता का? तो म्हणाला, नाही, गॅस. हे मी इथे लिहून ठेवतो आहे. माणूस मेल्याचं कळलं आणि मी आधी माझ्या तोंडाचा विचार केला.

एका ओळीत खोल्या. शिवपूजनची बायको दारातच बसली होती. माझ्या खांद्यावरची बॅग बघून उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं आत बसायला चटई टाकली. पेटी कोपऱ्यात होती, वर स्वच्छ ओढणी घातलेली.

ती म्हणाली की तिला एकच गोष्ट विचारायची होती, म्हणून फोन करत होती. निघताना तो तिची शपथ घेऊन गेला होता, सॅक्स तोंडाला लावणार नाही म्हणून. संध्याकाळी परत आला तो रक्त टाकतच. तिला म्हणाला, त्या लोकांनी वाजवायला लावलं. तिनं विश्वास ठेवला नाही. ती म्हणाली, बाजा द्यायची वेळ आली आणि तुला राहवलं नाही, माझ्या शपथेपेक्षा तुला तो मोठा. दवाखान्यात नेईपर्यंत ती त्याच्याशी नीट बोलली नाही. तिथेही नाही.

"भैया, सच बताइए. आप लोग बजवाए थे, कि वो अपने मन से बजाए?"

तिच्या मागे शेजारच्या बायका उभ्या होत्या. तो मला घेऊन आलेला माणूस दारात होता. मला सुजीतचे दोस्त आठवले, मोटारसायकलवरून जवळ आलेले. पोलीस आठवले. घरी बाबा आहेत, हेमांगी आहे, असंही मनात आलं.

मी म्हणालो, "अपने मन से."

तिनं मान हलवली. "हम जानते थे," म्हणाली. मग उठून तिनं मला पाणी दिलं. मी ते प्यालो.

१९ डिसेंबर
हेमांगीला सगळं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "आनि तुमी काय बोललात?" तेही सांगितलं. मी म्हटलं, तिला बरं वाटावं म्हणून बोललो. तो शेवटचं वाजवून गेला, आपल्या खुशीनं, असं वाटलं तर काय वाईट? हेमांगी म्हणाली, "ती नवऱ्याला खोटारडा समजून बसली ना. तुमी त्यावर शिक्का मारून आलात. जा, आनि खरं सांगून या."

सुजीत म्हणतो, अजिबात जाऊ नको. लिहून घेतील, केस करतील. आपण काय चूक केली? उजेडात भेटलो, माणसांत भेटलो, नियमात काहीच चुकलं नाही. त्यानं सांगायला हवं होतं. बाबा आज दिवसभर किनाऱ्यावर बसून होते, जेवायलाही बोलवावं लागलं.

मला सुजीतचं पटतं. पटतं तेव्हा बरं वाटतं, आणि हेमांगी समोर आली की पुन्हा पटेनासं होतं. तिच्याशी माझं बोलणं मिठाची बरणी दे एवढ्यावर आलं आहे.

२३ डिसेंबर
जायचं ठरवलं होतं, पण पालघरची हळद आली. उद्याही आहे. शेठना नाही कसं म्हणू? या हंगामासाठीच तर सगळं केलं.

सॅक्स छान वाजला. लोक वाहवा म्हणाले. मला प्रत्येक फुंकेला मोजल्यासारखं होतं, की एवढी हवा तर त्याच्या छातीत नव्हती.

२९ डिसेंबर
आज गेलो. वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, हिंदीत. तो वाजवायला तयार नव्हता. दोनदा नाही म्हणाला. आम्ही सहा जण होतो. मी त्याला वाजवायला लावलं. तो तुमच्याशी खरं बोलला.

खोलीत एक नवा माणूस भिंतीला चुना लावत होता. शेजारीण म्हणाली की ती बाई गावाला गेली, सामान घेऊन, कायमची. कुठलं गाव, ते नीट कोणाला सांगता येईना. तो मला आणणारा माणूस दुसऱ्या कंपनीत लागला म्हणे, सिल्वासाकडे. मी बाहेर येऊन तिच्याकडचा शिवपूजनचा नंबर ब्लॉकमधून काढला आणि लावला. बंद आहे. स्टेशनवर पुन्हा लावला, घरी येऊन पुन्हा लावला.

हेमांगी काही विचारायच्या आत मीच सांगितलं. ती चुलीपुढे बसून राहिली.

शिवपूजन बायकोशी खरं बोलला होता. हे आम्हा चार-सहा माणसांना माहीत आहे, आणि तिला नाही.